काम आधी, वस्तू नंतर

एखादी नवी वस्तू घडविण्यासाठी चार माणसे एकत्र बसली, म्हणजे पहिला वाद बहुधा तिच्या रूपावरून होतो. कागलच्या परिसरात ऊस पुष्कळ. तेव्हा तोडणीचा कोयताच घ्या. समजा, लोहार, शेतकरी, दुकानदार आणि ऊस तोडणारी स्त्री मिळून नवा कोयता करू पाहतात. लोहार पोलादाचे बोलेल, दुकानदार किमतीचे. आणि कोयत्याने करावयाचे काय, हा प्रश्न तसाच राहील.

यास उपाय असा की, प्रथम कामे लिहावीत. तीही नाम व क्रियापद अशा दोन शब्दांत: ऊस तोडणे, पाचट काढणे, वाढे छाटणे. मग प्रत्येक कामापुढे कसोटी लिहावी. ‘चांगला तोडावा’ ही कसोटी नव्हे. ‘ऊस जमिनीलगत तुटावा’ ही कसोटी होय, कारण त्याने बुडख्याची साखर वाया जात नाही व खोडवाही चांगला फुटतो. ‘पोलादी पाते हवे’ हे मात्र यादीत नसावे. ते उत्तर आहे. येथे अद्याप प्रश्नच मांडावयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात मालाची टंचाई पडली, तेव्हा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील लॉरेन्स माइल्स याने या विचारास पद्धतशीर रूप दिले. परंतु विचार त्याहून जुना आहे. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. त्याच्या अटी पाहण्याजोग्या आहेत: चरखा हलका असावा, झोपडीत हाताने वा पायाने चालावा, स्त्रीला फारसे श्रम न पडता आठ तास चालविता यावा, तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, आणि वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास तो 20 वर्षे टिकावा.

किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या परीक्षेसाठी गेला. बक्षीस मात्र कोणासच मिळाले नाही.

मग अटींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हाच की, एवढी रक्कम कोणाच्या भिडेखातर गेली नाही. तथापि यात दुसराही बोध आहे. हलकेपणा, भरपूर उत्पन्न व अल्प किंमत ही एकमेकांस विरुद्ध दिशांनी ओढतात. म्हणून यादी पुरी झाल्यावर मंडळींनी प्रत्येक कलमापुढे लिहावे: येथे तडजोड नाही, येथे थोडी चालेल.

आणि हे ठरविताना पहिला शब्द वस्तू वापरणाराचा असावा. कोयता किती जड असावा, हे लोहाराच्या आधी दिवसभर फडात वाकणाऱ्या स्त्रीस विचारावे.