आयडलिंग वाढलेले असताना टायमिंग लावू नका

ऊस आता डिझेलच्या गाडीनेच येतो. तरी हरिकेन इंजिनची जुनी पेट्रोल जीप काहींच्या गोठ्याशेजारी अजून उभी आहे. तिची नेहमीची तक्रार अशी, की आयडलिंग उतरत नाही आणि टायमिंग लावूनही चढाला ओढत नाही.

डिस्ट्रिब्यूटरमधली वजने वेग वाढला की स्पार्क आपोआप पुढे नेतात. म्हणून तेजीत फिरणाऱ्या इंजिनला टायमिंग लाईट लावली तर खूण जुळलेली दिसते, पण स्पार्क खरा मागे पडलेला असतो. मग इंजिन तापते, पेट्रोल खाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतात.

तेव्हा आधी आयडलिंग. एक्सलेटरची स्प्रिंग मागे येते का, चोक पूर्ण उघडतो का पाहा. कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केटवर दोन थेंब ऑइल सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. (काहीजण पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनवर हा खेळ नको.) गाडी मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास आली पाहिजे.

मग पॉइंटची फट २० थाऊ ठेवा. फट बदलली की टायमिंग सरकते.

लाईट नसली तरी अडत नाही. इग्निशन बंद ठेवून हँडलने पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर आणा, ५ अंशांची खूण जुळवा. पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यात बल्ब जोडा, इग्निशन लावा. डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग उलट दिशेने हळूहळू. पेटला की तिथेच बोल्ट आवळा. बल्ब विझलेला असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.