पद्मिनीचे माहेर

गेल्या पाडव्याला यांनी दारात एक जुनी प्रीमियर पद्मिनी आणून उभी केली. रंग मूळचा पांढरा, आता पातेल्याच्या बुडाला लागलेल्या दुधासारखा. मुलांनी हॉर्न वाजवून सगळी आळी गोळा केली. मी ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मगच विचारले, "कागदपत्रं कुठायत?" यांनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

मैत्रिणींनो, एक लाख दहा हजारांची ही हौस. त्यातले चाळीस हजार माझ्या भिशीचे आणि शिकवणीचे, म्हणून मी जरा खोलात शिरले, हे आधीच कबूल करते.

या गाडीचे आपल्याकडे केवढे कौतुक होते! इटलीच्या फियाट 1100 चा हा आपल्याकडचा अवतार, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारा. आधी 'डिलाइट', मग थोडा काळ 'प्रेसिडेंट' आणि 1974 पासून 'पद्मिनी'. इंजिन 1089 सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट बघत. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा आमच्या यांना चक्क गहिवरून आले होते. गाडी घ्यायचे खूळ तेव्हापासूनचे.

पिशवीत आर.सी. बुक निघाले. आताच्यासारखे कार्ड नव्हे, कडा कुरतडलेली छोटी पुस्तिका. पहिल्या पानावर 1974 साल आणि मालक म्हणून पुण्याच्या एका बाईंचे नाव! त्या काळी स्वतःच्या नावावर गाडी घेणारी ही कोण, मला फार कुतूहल वाटले. खाली बँकेच्या कर्जाचा शिक्का आणि तो रद्द केल्याचा 1979 चा दुसरा शिक्का. म्हणजे बाईंनी हप्ते वेळेवर फेडले होते. पुढे 1983 साली कऱ्हाडचे एक गृहस्थ. 1989 आणि 1994 ला नोंदणीचे नूतनीकरण. त्यानंतरची पाने कोरी.

ज्या गॅरेजवाल्याकडून गाडी घेतली, त्याचे नाव कुठेच नाही. त्याला ज्याने दिली त्याचेही नाही. पिशवीत फॉर्म 29 आणि 30 होते, मालकी बदलाचे. पण कोरे, फक्त खाली सही, आणि तीही भलत्याच माणसाची. "अहो, असंच चालतं," हे म्हणाले. मी म्हटले, दुधाचा हिशोब तरी असा चालतो का आपल्या घरी?

आधी गाडी हीच का ते पाहिले. मेकॅनिकने बॉनेट उघडून जागा दाखवली. रॉकेल लावून ब्रशने घासले, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना, अगदी तसे. शेवटचा आकडा 3 की 8 यावर आमचे भांडण झाले. भिंग आणल्यावर 8 निघाला, पुस्तकाशी जुळला.

मग आर.टी.ओ. कचेरीत अर्ज करून गाडीचे 'पर्टिक्युलर्स' काढले. संगणकावर गाडी नव्हतीच. जुन्या हाताने लिहिलेल्या नोंदी आधी संगणकात चढवाव्या लागतात, त्याला तिथे 'बॅकलॉग' म्हणतात. वहीत शेवटचे नाव कऱ्हाडच्या गृहस्थांचेच. कारकून सज्जन होते. म्हणाले, "वहिनी, मालक आणा. नसतील तर वारस आणा." शिवाय एक गोष्ट सांगितली ती मला ठाऊक नव्हती. गाडी विकली तरी नाव बदलले नसेल, तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तसे स्पष्ट केले आहे. म्हणजे इतकी वर्षे कुणीतरी ही गाडी हाकत होते आणि जोखीम एका बिचाऱ्याच्या नावावर!

ते गृहस्थ 2004 साली वारले होते. कऱ्हाडच्या जुन्या पत्त्यावर गेलो, तिथल्या वाण्याने मुलीचा पत्ता दिला, सांगलीचा. रविवारी गेलो. आजी पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. गाडीचे नाव काढताच हात थांबला.

"ती अजून यांच्याच नावावर हाय?"

1997 साली कुणाचेतरी देणे फिटावे म्हणून गाडी दिली होती. घरात सांगितले होते, विकली.

मी फॉर्म 31 पुढे केला. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करायची, मग पुढे आमच्या. आजींनी पेन बाजूला सारले. "हे गेले तवा धा दिवसांत दीर कागद घेऊन आले. म्हणाले, वहिनी सही करा. केली. कऱ्हाडचं घर त्यातच गेलं. आता मी सही करत न्हाई, पोरी."

यांनी खुणेने 'चल' म्हटले. मला उठवेना. मी म्हटले, "आजी, मी शाळेत शिकवते. अक्षर न् अक्षर वाचून दाखवते, मग नाही म्हणा." पाऊण तास लागला. मधेच त्या थांबवत, "म्हंजे काय?" विचारत. ताईंनी चहा केला, तो गार झाला. शेवटी आजी म्हणाल्या, "यात माझ्या अंगावर काय ऱ्हात न्हाई ना? उलट सुटते मी?" त्यांनी सावकाश, नाव पूर्ण लिहून सही केली. ताईंनी ना-हरकत दिली, मृत्यूचा दाखला शोधून काढला. आम्ही प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवली.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. यांना त्याचा मोह झाला होता; पण तशी गाडी रोज वापरता येत नाही. मला ती मंडईत न्यायची आहे. तेव्हा जुनाच नंबर ठेवतोय. नूतनीकरण, तपासणी, हरित कर, विमा, सगळे अजून व्हायचे आहे. फॉर्म 31 ची पावती मात्र हातात आहे.

पुण्याच्या त्या पहिल्या बाईंचा शोध मी सोडलेला नाही. निघताना आजींनी विचारले होते, "मागचं डावं दार अजून ढुंगणानं ढकलल्याबिगर लागतं का गं?"

लागत नाही.