पकड हवी की टिकाऊपणा?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरच्या साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर तो ३००, तर ट्रॅकसाठी घडवलेल्या कप २ वर बहुधा १८०. आकडा लहान तितकी झीज जलद. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीतपणाला घट्ट धरतं आणि त्याच धरण्यात स्वतः झिजत जातं.

गंमत म्हणजे हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते! टेक्सासमध्ये सुमारे ११,६०० किलोमीटर पळवून प्रमाण-टायरशी तुलना होते खरी, पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करणं फसवं.

रोज ऑफिस, रविवारी घाट, एवढंच असेल तर ३०० चा टायर भरपूर झाला. कप २ च्या खाचा उथळ. साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. हवा कमी ठेवली, तर कुठलाही महागडा टायर दोन्ही कडांनी झिजतो.