गुठळी निघाली, पण हात हलेल का?

पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी बहुधा जांघेतून घातलेल्या बारीक नळीने ओढून काढतात. रक्त पुन्हा वाहू लागतं. तरीही एक रुग्ण काही दिवसांत चालू लागतो, दुसऱ्याचा हात लुळाच राहतो. असं का?

पाटाचं पाणी अडलं की शेताचा काही भाग करपतो, काही नुसता कोमेजतो. पाणी आल्यावर कोमेजलेलं पीक तरारतं, करपलेलं नाही. मेंदूतही मधला भाग मेलेला असतो आणि भोवतालचा निपचित, पण जिवंत. शेजारच्या छोट्या रक्तवाहिन्या त्याला कसंबसं जगवत असतात.

हा हिशेब स्कॅनवर मांडता येतो. कॅनडातल्या कॅल्गरीच्या डॉक्टरांनी 2000 साली सुचवलेली पद्धत फार सुटसुटीत आहे: साध्या सीटी स्कॅनवर बाधित बाजूचे 10 ठरावीक भाग तपासायचे, बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कापायचा. नऊ-दहा गुण म्हणजे आशा मोठी. परफ्युजन स्कॅनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उठून दिसणारं द्रव्य) सोडून रक्त कुठे उशिरा पोचतं आणि कुठे पोचतच नाही, तेही दिसतं. अशा तपासणीतून निवडलेल्या रुग्णांना 24 तासांपर्यंत गुठळी काढून लाभ होतो, हे 2018च्या ‘डॉन’ चाचणीने दाखवलं.

तरी स्कॅन शक्यताच सांगतो. हालचालीचे तंतू जिथे दाटीने जातात, तिथली छोटीशी इजाही अख्खा हात निकामी करू शकते. शिवाय वय, रक्तातली साखर, नंतरचा व्यायाम यांचाही वाटा असतोच.

तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर वाट पाहू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय लगेच गाठा.