दुरुस्ती वरच्या अंगाला पोचवा: मुक्त स्रोत प्रकल्पाला कोड कसा द्यायचा

आपण बसलोय भंडारदऱ्याला, प्रवरेच्या अगदी वरच्या अंगाला. इथल्या धरणातून सुटलेलं पाणी निळवंड्यावरून अकोले, संगमनेरकडे जातं. आजचा विषय संगणकाचा असला तरी त्यातला एक शब्द इथे बसून चटकन कळेल: 'अपस्ट्रीम'. मुक्त स्रोत प्रकल्पाची जी मूळ प्रत, ती अपस्ट्रीम. तिच्यात जे पडेल ते खाली सगळ्यांपर्यंत जातं.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या फ्रापे कंपनीचं 'इआरपीनेक्स्ट' हे हिशेब, साठा, बिलं सांभाळणारं वेब ॲप्लिकेशन आहे. त्याचा सगळा कोड गिटहबवर खुला आहे. परवाना जीपीएल आवृत्ती 3. म्हणजे तो वापरा, बदला, वाटा; पण बदललेला कोड दुसऱ्याला दिलात तर त्यालाही हेच हक्क द्यायचे.

आता समजा, इथल्या एखाद्या पर्यटक निवासात हे बसवलंय आणि बिलाची रक्कम मराठी अक्षरांत चुकीची छापली जाते. तुम्ही आपल्या प्रतीत दोन ओळी बदलल्या, काम झालं. पण पुढची आवृत्ती आली की पुन्हा तीच मारामारी. आणि संगमनेरच्या दुकानदाराला तर तुमच्या दुरुस्तीचा पत्ताच नाही! म्हणून दुरुस्ती वर पोचवायची.

पहिलं काम, चूक नक्की कुठे आहे ते शोधणं. इआरपीनेक्स्ट उभं आहे फ्रापे फ्रेमवर्कवर. रकमेची अक्षरं करण्याचं काम त्या फ्रेमवर्कमध्ये होतं, आणि ते त्यासाठी 'नम-टू-वर्ड्स' नावाची पायथनची वेगळी लायब्ररी वापरतं. म्हणजे नदी आणखी वर जाते. चूक त्या लायब्ररीत असेल तर इआरपीनेक्स्टमध्ये ठिगळ लावून उपयोग नाही.

जागा सापडली की आधी कुणी ही तक्रार नोंदवलीय का ते बघा. नसेल तर तुम्ही नोंदवा: काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. मग मूळ प्रकल्पाची आपल्या खात्यात प्रत घ्या, तिला 'फोर्क' म्हणतात. त्यात वेगळी शाखा काढा आणि तेवढाच बदल करा. जाता जाता चार फायली नीटनेटक्या करायचा मोह होतो, तो आवरा. सोबत एक टेस्ट लिहा, जी जुन्या कोडवर नापास आणि नव्यावर पास होईल. मग 'पुल रिक्वेस्ट' पाठवा. इआरपीनेक्स्टमध्ये ती 'डेव्हलप' शाखेवर पाठवतात.

इथे बरेच जण अडतात. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी माणसं, प्रश्न विचारतात, बदल सुचवतात, कधी सरळ नाही म्हणतात. राग येतो. पण त्यांच्या बाजूनं बघा. तुम्ही दोन ओळी देऊन मोकळे होता. त्या ओळी पुढची दहा वर्षं सांभाळायच्या असतात त्यांना. म्हणून 'काय बदललं' याच्यापेक्षा 'का बदललं' हे जास्त नीट लिहा. ते वाचून अनोळखी माणसाला पटलं पाहिजे.

कुणी म्हणेल, आमचं इंग्रजी कच्चं आहे. साधी तीन वाक्यं आणि एक स्क्रीनशॉट पुरतो.

फ्रापेमध्ये 1,25,000 असा आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देता येतो. ती सोय आभाळातून पडलेली नाही. कुणीतरी बसून लिहिली म्हणून आहे. मराठी बिलातली चूक ज्यानं मराठी बिल कधी फाडलंच नाही, त्याला दिसणार कशी? ती तुम्हालाच दिसणार. दिसली की आपल्यापुरती बुजवून गप्प बसू नका, वर पाठवा. खाली आपोआप पोचेल.