घरगुती सौर जलतापकाचे अर्थकारण : वाकोला परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सौर बंबाचा खर्च दोन-तीन वर्षांत भरून निघतो, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि वाकोल्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात ते कितपत लागू पडते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रचलित हिशेब :
100 लिटर पाणी 25 अंश सेल्सिअसवरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 4 युनिट ऊर्जा लागते. वर्षातील 300 दिवस आणि प्रतियुनिट 10 रुपये दर गृहीत धरल्यास वार्षिक बचत 12,000 रुपये होते. संचाची किंमत 30,000 रुपये मानली, तर ती अडीच वर्षांत वसूल होते.

प्रत्यक्ष गरज :
बचत टाकीच्या क्षमतेवर नव्हे, तर वापरलेल्या उष्णतेवर अवलंबून असते. पाच माणसांच्या कुटुंबाला स्नानासाठी 40 अंशांचे 100 लिटर पाणी पुरते. त्यासाठी सुमारे पावणेदोन युनिट, गिझरमधील उष्णताऱ्हास धरून फार तर 2 युनिट लागतात. शिवाय सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदींनुसार येथे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सुमारे 2300 मि.मी. पाऊस पडतो. हे चार महिने वगळता 240 दिवस उरतात. वार्षिक बचत 4,800 रुपयांवर येते आणि परतफेडीस सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत गार पाण्याने स्नान करणाऱ्या कुटुंबास याहूनही अधिक.

येथे विजेचा दर टप्प्यांनुसार वाढत असल्याने वाचलेले युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातील असते. म्हणून सरासरी दराऐवजी त्या टप्प्याचा दर हिशेबात घ्यावा.

गच्ची व नळ :
इमारतीची गच्ची कोणा एका सभासदाची नसून संस्थेची असते. त्यामुळे सर्वसाधारण सभेची संमती आवश्यक ठरते. 100 लिटरच्या सपाट संग्राहकास सुमारे 2 चौरस मीटर जागा लागते. गच्चीपासून 15 मि.मी. व्यासाचा 30 मीटर नळ खाली आणल्यास प्रत्येक वेळी त्यातील सुमारे 5 लिटर गार पाणी आधी सोडावे लागते. खालच्या मजल्यांचा लाभ त्या प्रमाणात घटतो.

अनुदान :
2010 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात सौर जलतापकासाठी केंद्रीय अनुदान मिळत असे. ते 2014 साली बंद झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना वीजनिर्मितीसाठी आहे, जलतापकासाठी नाही.

निष्कर्ष :
पाच जणांच्या कुटुंबास 60 अंशांचे केवळ 43 लिटर पाणी गार पाण्यात मिसळून पुरते. म्हणजेच 100 लिटरचा एक संच दोन कुटुंबांची गरज भागवू शकतो. खर्च विभागल्यास, नळजोडणीचा भाग वगळता, परतफेड सुमारे तीन वर्षांत शक्य होते. तात्पर्य, वाकोल्यात सौर बंब किफायतशीर ठरतो तो घरोघरी स्वतंत्र बसवून नव्हे, तर गरज मोजून संस्थेने सामाईकपणे बसविल्यास.