अळी मेंदूत जात नाही

पावसाळा लागला की उमरठसारख्या पोलादपुरातल्या डोंगरी गावांत टाकळा, कुर्डू रानातून येतो आणि निःशंकपणे शिजतो. बाजारातल्या कोबीकडे मात्र अनेक जण संशयाने बघतात: ‘त्यातली अळी मेंदूत जाते.’

ही भीती भलत्याच जिवाला चिकटली आहे. कोबीत दिसणारी हिरवी अळी बहुधा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची असते. ती पानावर जगते, माणसात जगू शकत नाही. मेंदूत गाठी होतात त्या डुकरांत सापडणाऱ्या पट्टकृमीमुळे. तो ज्याच्या आतड्यात असतो, त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि दूषित पाणी, सांडपाण्यावरची भाजी, न धुतलेले हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. अंड्यातून निघालेले जीव रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात, मग आकडी येऊ लागते. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ती मुळ्यावर, कोथिंबिरीवरही असू शकतात. एकट्या कोबीला दोष देऊन आपण खरं कारण नजरेआड करतो.

मिठाच्या पाण्यात बुडवला की काम झालं, हेही खरं नाही. त्याने अळ्या बाहेर येतात, अंडी मरतीलच असं नाही. वरची पानं काढावीत, आतली वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, भाजी नीट शिजवावी. शौचानंतर घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुणं मला याहून महत्त्वाचं वाटतं.

कोबी म्हणजे बेचव भाजी, असं म्हणणाऱ्यांनी हंगेरीकडे पाहावं. तिथे नाताळात भरला कोबी मानाचा: आंबवलेल्या पानात डुकराचा खिमा आणि तांदूळ गुंडाळून, लाल मिरचीपूड घालून तो मंद आचेवर शिजवतात. मिरची तिथेही, कोकणासारखीच, मूळची अमेरिकेची. कोबी आंबट होतो तो व्हिनेगरने नव्हे. किलोला साधारण २० ग्रॅम मीठ चोळलं की त्याला पाणी सुटतं आणि दह्यातल्यासारखेच जिवाणू काही आठवड्यांत तो आंबवतात. बुडापेस्टजवळच्या वेचेश गावात १७८६ साली जर्मन कुटुंबं वसवली गेली. ते गाव आजही आंबट कोबीसाठी ओळखलं जातं.

आपल्याकडे पानं उकळत्या पाण्यात मऊ करून त्यात कोंबडीचा खिमा किंवा भिजवलेली मसूर आणि तांदूळ भरता येतील. आंबटपणाला चार आमसुलं पुरतात. तासभर शिजू द्यावं.